जनरेटरचा एव्हीआर बदलायचाय? आधी हर्ट्झ बघा

एव्हीआर, म्हणजे जनरेटरचे व्होल्ट सांभाळणारा छोटा ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर, बदलायला वीस मिनिटं पुरतात. चार स्क्रू, पाच-सात वायरी, झालं. तो खरंच बदलायला हवा का, हे ठरवायला मात्र तास-दीड तास जातो, आणि नवीन पोरं नेमका तोच वेळ वाचवायला बघतात. सांगली-मिरजेकडे मी जनरेटरच्या कामात उतरलो ते भारनियमनाच्या वर्षांत. रोज कुठला तरी सेट बंद पडायचा, आणि काढून टाकलेल्या एव्हीआरचा ढीग वर्कशॉपच्या कोपऱ्यात साठत जायचा. एका पावसाळ्यात हाताला काम नव्हतं म्हणून तो ढीग बेंचवर घेऊन तपासला. त्यातले बरेचसे धडधाकट निघाले. गिऱ्हाइकाचे पैसे गेले होते आणि मूळ दुखणं तसंच सेटमध्ये राहिलं होतं.

म्हणून या लेखात बदलण्यापेक्षा तपासण्यावरच जास्त लिहिलंय. सेट कुठला? सोसायटी, दवाखाना, मंगल कार्यालय, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज यांच्याकडे असतो तो, साधारण १५ ते १२५ केव्हीएचा, ब्रशलेस अल्टरनेटरवाला (अल्टरनेटर म्हणजे इंजिनला जोडलेला, वीज तयार करणारा भाग). उदाहरणाला स्टॅमफर्डचा एसएक्स४६० घेतो, कारण आपल्याकडे तो पदोपदी भेटतो. दुसऱ्या कंपनीच्या एव्हीआरवर टर्मिनलची नावं बदलतील, काम तेच.

आत काय चालतं

इंजिन हर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी सांभाळतं, एव्हीआर व्होल्ट सांभाळतो. चार पोलचा अल्टरनेटर १५०० आरपीएमला फिरला की ५० हर्ट्झ येतात. मुख्य रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, लागणारा डीसी करंट त्याच शाफ्टवरच्या एका छोट्या जनरेटरमधून येतो, त्याला एक्सायटर म्हणायचं. एक्सायटरची फील्ड वाइंडिंग स्थिर असते, आर्मेचर फिरतं. आर्मेचरमधला एसी शाफ्टवरच फिरणाऱ्या सहा डायोडमधून डीसी होऊन मुख्य रोटरला जातो. एव्हीआरचं काम इतकंच: आउटपुटचे व्होल्ट बघायचे आणि एक्सायटरच्या फील्डला कमी-जास्त डीसी सोडायचा. सेट रिकामा असताना हा डीसी साधारण १० ते १२ व्होल्ट असतो, लोड वाढला की वाढतो.

म्हणजे साखळी अशी: एव्हीआर, एक्सायटर फील्ड, एक्सायटर आर्मेचर, डायोड, मुख्य रोटर, स्टेटर (आउटपुट देणारी स्थिर वाइंडिंग). यातली कुठलीही कडी तुटली तरी पॅनेलवर व्होल्टमीटर शून्यच दाखवतो. एव्हीआर ही त्यातली फक्त सर्वांत हाताजवळची कडी आहे. बिचारा म्हणूनच आधी बळी जातो.

हात घालण्यापूर्वी

एएमएफ पॅनेल (लाइट गेली की सेट आपोआप चालू करणारं) असेल तर ते ऑफवर टाका. ऑटोवर राहिलं आणि मध्येच एमएसईबी गेली, तर तुमचा हात आत असताना सेट स्टार्ट होईल. (महावितरण होऊन जमाना झाला, तरी तोंडात एमएसईबीच येतं.) मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. चाचणीसाठी सेट चालवायचा असेल तेव्हा ती परत जोडायची आणि आउटपुट ब्रेकर ऑफ आहे याची खात्री करायची. ब्रेकरच्या लोड बाजूला चेंजओव्हरमधून (लाइन आणि सेट यांच्यातला अदलाबदलीचा स्विच) लाइन मागे येत नाही ना, हे टेस्टरवर न विसंबता मीटरने बघा.

एव्हीआर काढला म्हणजे अल्टरनेटर मेला, असं समजू नका. रोटरमध्ये चुंबकत्व उरलेलं असतं, सेट फिरला की थोडे व्होल्ट येतातच. आणि सेट चालू असताना एव्हीआरच्या सगळ्या टर्मिनलवर करंट बसण्याइतके व्होल्ट असतात, डीसीच्या बाजूलासुद्धा. अंगठी, कडं, मोबाइलची लोंबती दोरी बाहेर काढून ठेवा. मीटरच्या पिना सेट बंद असताना मगरक्लिपने जोडायच्या, मग सेट चालू करून लांबून वाचायचं. शिवाय हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. तुमच्याकडे परवाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या हाताखालीच करा.

पायरी पहिली: हर्ट्झ

माझे उस्ताद सेटजवळ गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचे, "हर्ट्झ किती हाय?" मी व्होल्ट सांगायला लागलो की ऐकायचेच नाहीत. कारण साधं आहे. स्पीड पडला की एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, नाहीतर कमी स्पीडवर पूर्ण व्होल्ट धरून ठेवायच्या नादात फील्ड जळेल. एसएक्स४६० मध्ये हा उंबरठा कंपनीतून ९५ टक्क्यांवर, म्हणजे ४७.५ हर्ट्झवर ठेवलेला असतो. त्याखाली गेलं की एव्हीआरवरचा छोटा दिवा पेटतो.

तेव्हा लोड आल्यावर व्होल्टेज बसतंय आणि तो दिवा पेटलाय, तर एव्हीआरला हात लावू नका. डिझेल फिल्टर चोंदलाय, पाइपमध्ये हवा आहे किंवा इंजिनचा स्पीड सांभाळणारा गव्हर्नर थकलाय. साध्या मेकॅनिकल गव्हर्नरचा सेट रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, म्हणजे पूर्ण लोडवर तो ५० च्या जवळ येतो.

पायरी दुसरी: डोळे आणि नाक

कव्हर उघडल्यावर लगेच पाना घेऊ नका. बॅटरी सोडलेलीच ठेवून एव्हीआरकडे आणि त्याच्या वायरींकडे नुसतं बघा. जळका वास येतोय का, एव्हीआरवरचा राळेचा थर फुगलाय का, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) सैल आहे का. आमच्याकडे पहिला संशयित उंदीर. कॅनॉपीत, म्हणजे सेटवरच्या पेटीत, ऊब असते, आवाज नसतो तेव्हा ती त्यांना घरासारखीच. ७ आणि ८ नंबरच्या सेन्सिंग वायरी, म्हणजे एव्हीआरला आउटपुटचे व्होल्ट दाखवणाऱ्या, बारीक असतात, त्या कुरतडलेल्या मी किती वेळा पाहिल्या त्याला गणती नाही. या एव्हीआरला स्वतःचा पुरवठाही त्याच दोन वायरींतून मिळतो, त्यामुळे एक तुटली की सेट गप्प. वायर जोडा, सेट सुरू. गिऱ्हाइकाला इतक्या लहान कामाचं बिल पटत नाही, ते दुखणं वेगळं.

पायरी तिसरी: उरलेलं चुंबकत्व

सेट पूर्ण स्पीडवर, ब्रेकर ऑफ, एव्हीआर जोडलेला, आणि व्होल्टेज येतच नाहीये. अशा वेळी ७ आणि ८ मध्ये एसी मोजा. एसएक्स४६० ला जागं व्हायला तिथे किमान ४ व्होल्ट लागतात. ४१५ व्होल्टच्या सेटमध्ये या वायरी बहुतेक वेळा वाइंडिंगच्या मध्यातून काढलेल्या असतात, म्हणून सगळं ठीक असताना तिथे ४१५ नव्हे तर २०७ व्होल्टच्या आसपास दिसतात. नव्या माणसाला ते अर्धे व्होल्ट बघून घाम फुटतो. तेवढेच असायला हवेत.

४ पेक्षा कमी असतील तर चुंबकत्व गेलंय. बराच काळ बंद पडून राहिलेल्या सेटमध्ये हे नेहमी होतं. उपाय असा: सेट बंद करा, एव्हीआरवरून एक्स आणि डबल एक्स या फील्डच्या दोन वायरी काढा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस एक्सला, मायनस डबल एक्सला, दोन-तीन सेकंद लावून सोडा. वायर सोडताना बारीक ठिणगी उडते, घाबरू नका, पण बॅटरी बोटभर नाही तर हातभर लांब ठेवा. प्लस-मायनस उलटं केलंत तर चुंबकत्व उलटं बसेल आणि एव्हीआर व्होल्टेज उभं करायच्या ऐवजी उरलंसुरलंही पाडेल. वायरी परत जोडून सेट चालवा. पुष्कळदा इथेच काम संपतं.

पायरी चौथी: बॅटरीची परीक्षा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. एव्हीआरला पूर्ण बाजूला काढून अल्टरनेटरला थेट विचारायचं, की बाबा तू ठीक आहेस का.

सेट बंद. एव्हीआरच्या सगळ्या वायरी काढून प्रत्येकीला टेप मारा. आता एक्सला १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीचा प्लस, डबल एक्सला मायनस, मगरक्लिप घट्ट बसवून. ब्रेकर ऑफच. सेट चालू करा, पूर्ण स्पीडवर येऊ द्या, आणि आउटपुटला आर, वाय, बी या तीन फेजमध्ये आर-वाय, वाय-बी, बी-आर असे तिन्ही व्होल्ट मोजा.

तिन्ही एकमेकांना जवळजवळ सारखे आणि ४१५ च्या दहा टक्के खाली-वर असतील, तर अल्टरनेटर ठणठणीत. दोष एव्हीआरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. तिन्ही सारखे पण बरेच कमी असतील, तर डायोड किंवा एक्सायटर किंवा मुख्य रोटर. तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील, तर स्टेटरची वाइंडिंग गेली, तिथे एव्हीआरची दुकानदारी काही कामाची नाही, सेट रिवाइंडिंगला.

ही परीक्षा न केल्याचं फळ मी चाखलंय. तासगावच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजवर रात्री बोलावणं आलं. आत बेदाणा भरलेला, मालक दाराशी उभा, "लवकर करा ओ" चाललेलं. जुना एव्हीआर काळा पडला होता, वास मारत होता. मी म्हटलं, दिसतंय की उघड. नवा बसवला, व्होल्टेज आलं, कंप्रेसर सुरू झाला, चहा आला. चहा संपायच्या आत अल्टरनेटरमधून घुमल्यासारखा जड आवाज यायला लागला आणि पंधराएक मिनिटांत नवा एव्हीआरही जुन्याच्या शेजारी जाऊन बसला. फिरता डायोड शॉर्ट होता. शॉर्ट डायोडमुळे एक्सायटरची वाइंडिंग आतल्या आत गुदमरते. तरी व्होल्टेज टिकवायला एव्हीआर फील्डला जास्त जास्त करंट ढकलतो. एसएक्स४६० सतत ४ अँपिअर सोसतो, ६ अँपिअर जेमतेम दहा सेकंद. मी रोगी सोडून त्याच्या नोकराला औषध दिलं होतं. दुसऱ्या एव्हीआरचे पैसे अर्थात माझ्या खिशातून गेले.

पायरी पाचवी: डायोड आणि फील्ड

अल्टरनेटरच्या मागचं कव्हर उघडलं की शाफ्टवर दोन अर्धगोल प्लेटांवर बसलेले सहा डायोड दिसतात, एका प्लेटवर तीन एका दिशेचे, दुसऱ्यावर तीन उलट दिशेचे. प्रत्येकाची शेंडीची वायर मोकळी करून मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासा. एका बाजूने ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आकडा, उलट बाजूने काहीच नाही, तर चांगला. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ म्हणजे शॉर्ट, दोन्ही बाजूंनी काहीच नाही म्हणजे ओपन. वायर न सोडता मोजलंत तर वाइंडिंगमधून वाट फुटून आकडा फसवतो. एक गेला असेल तर मी सहाही बदलतो, शेजारी बसलेला सर्ज सप्रेसरही (व्होल्टच्या झटक्यापासून डायोडला वाचवणारा). परत कव्हर उघडायला जाणारा वेळ डायोडपेक्षा महाग.

एक्सायटर फील्ड एक्स ते डबल एक्स मोजा, या मापाच्या सेटमध्ये २० ओहमच्या आसपास यायला हवा. नेमका आकडा त्या अल्टरनेटरच्या मॅन्युअलमध्ये असतो. एक्स ते बॉडी काहीही दिसता कामा नये. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा असेल तर आधी एव्हीआर सोडवा आणि डायोड शॉर्ट करून घ्या. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या एव्हीआरवर फिरवणं म्हणजे तो बदलायचं कारण स्वतःच्या हाताने तयार करणं. सेटच्या बेसवर वेल्डिंग करतानाही हीच काळजी.

काढलेल्या एव्हीआरबद्दल शंका असेल तर वर्कशॉपमध्ये बल्बवर तपासा. एक्स-डबल एक्सला ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब, ७-८ ला व्हेरिअॅकवरून (व्होल्ट कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) एसी. व्होल्ट हळूहळू चढवत न्या. बल्ब पेटायला हवा आणि ठरावीक व्होल्टच्या वर विझायला हवा. व्होल्टचा स्क्रू फिरवला की विझण्याची जागा सरकायला हवी. पेटतच नाही किंवा विझतच नाही, तर तो गेला.

आता बदला

वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा, तरीही प्रत्येक वायरीवर नंबराची फेरूल, म्हणजे छोटी नळी, घाला. फोटोत दोन काळ्या वायरी एकमेकींवर आल्या की रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

नवा घेताना नुसता मॉडेल नंबर सांगून चालत नाही. जुन्यावरच्या जोडलेल्या छोट्या लिंक वाचा आणि नव्यावर तशाच आहेत का ते बघा. एसएक्स४६० वर इनपुट ११० चा की २२० चा, फ्रिक्वेन्सी ५० की ६०, आणि स्थिरतेची निवड ९० किलोवॉटपर्यंत, ९० ते ५५० की त्यावर, अशा लिंक असतात. बाहेर पॅनेलवर व्होल्ट कमी-जास्त करायचा ट्रिमर नसेल तर १ आणि २ मध्ये लिंक हवीच. ती विसरली की व्होल्टेज काही केल्या जागेवर येत नाही आणि माणूस नवाच एव्हीआर खराब म्हणून परत करायला निघतो. हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात भरपूर आहेत. काही वर्षानुवर्षं चालतात, काही पहिल्या उन्हाळ्यात पिघळतात. दवाखान्याच्या सेटवर मी त्या लावत नाही.

जुन्या खाली रबरी बुश असतील तर ते परत घाला, कंपनामुळे आतले टाके सुटतात. लग सैल वाटला तर पकडीने चेपत बसू नका, नवा क्रिंप करा.

पहिला स्टार्ट

व्होल्टचा स्क्रू पूर्ण डावीकडे, स्थिरतेचा मध्यावर. बाहेरचा ट्रिमर असेल तर तोही मध्यावर. एक मीटर आउटपुटला, दुसरा एक्स-डबल एक्सवर डीसीला. ब्रेकर ऑफ. स्टार्ट. हर्ट्झ बघा, मग व्होल्टचा स्क्रू सावकाश उजवीकडे फिरवत ४१५ वर आणा. व्होल्टेज एकदम ४५०-५०० कडे धावलं तर विचार करत बसू नका, सेट बंद करा: इनपुटची लिंक किंवा ७-८ ची जोडणी चुकलीय.

स्थिरतेसाठी मी आउटपुटला १०० वॉटचा तारेचा बल्ब लटकवतो. डिजिटल मीटर आकड्यांची सरासरी काढून दाखवतो, त्याला थरथर दिसत नाही. बल्बला दिसते. स्क्रू डावीकडे नेत राहा, बल्ब फडफडायला लागला की थांबा आणि तिथून थोडा उजवीकडे आणा. फार उजवीकडे ठेवलात तर दिवे शांत, पण मोटार स्टार्ट झाली की व्होल्टेज सावरायला वेळ लागतो. यूएफआरओ लिहिलेला तिसरा स्क्रू (हर्ट्झचा उंबरठा ठरवणारा) कंपनीने लाखेने बंद केलेला असतो, त्याला हात लावायची गरज क्वचित पडते. काही एव्हीआरवर ड्रूपचा स्क्रू असतो, तो फक्त दोन सेट समांतर चालवणाऱ्यांसाठी.

मग लोड टाका, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. चांगला एव्हीआर एक टक्क्याच्या आत धरतो, म्हणजे रिकाम्यावर ४१५ असेल तर लोडवर ४११ ते ४१९. सोसायटीत लिफ्ट चालू झाली की दिवे नाचतात, अशी तक्रार असेल तर एव्हीआरला दोष देण्यापूर्वी लिफ्ट ड्राइव्हवर चालते का आणि त्याच सेटवर मोठा यूपीएस आहे का ते विचारा. या यंत्रांमुळे आउटपुटची लहर वेडीवाकडी होते, आणि त्याच आउटपुटवर जगणारा हा एव्हीआर गोंधळतो. तिथे शाफ्टवर वेगळा चुंबकी जनरेटर असलेला अल्टरनेटर बरा. तो नंतर बसवायचा निर्णय महागडा असतो, म्हणून खरेदीच्या वेळीच बोलावं.

तासभर लोडवर चालल्यावर सेट बंद करून लग पुन्हा एकदा हाताने हलवून बघायचे, कव्हर लावायचं, एएमएफ ऑटोवर टाकायचं. हे शेवटचं विसरून मी एकदा घरी पोचलो होतो, आणि वाटेतच लाइट गेली होती. आता निघण्यापूर्वी कॅनॉपीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो: तारीख, आवर मीटर, रिकाम्यावर ५२ हर्ट्झ, ४१५ व्होल्ट, फील्ड ११ व्होल्ट, पूर्ण लोडवर किती ते, आणि खाली "ऑटो केलं".